आहे का बघ

खानापूर कचेरी, खिडकी तीन.
आकडा सांगा, मशीन
पापणी लवायच्या आत नेमका खण उघडतं.
नुसतं नाव असेल
तर चौदा हजार खण,
पहिल्यापासून.

जांबोटीची जनाक्का चिठ्ठी हरवून आलीय.
"आकडा ठावं न्हाई गं बाई,
मष्णू म्हणून कोण हाय का, तेवढं बघ."

बघते. पंखा घरघरतो,
रांगेतला कुणी कन्नडात करवादतो.
नाही.

मग आठवतं, यादी बेळगावात
कुणी कानडी कानांनी ऐकून भरलीय.
यंत्र अक्षराला अक्षर लावतं,
माणसाला माणूस नाही.
मष्णाप्पा, टाइप करते.
पुन्हा पहिल्या खणापासून.

आहे.

कुठल्या खणात, ते सांगत नाही.
मी तोंड उघडायच्या आत
जनाक्का पदर सावरते:
"हाय न्हवं? मग झालं."
आणि काउंटरवर
ओंजळभर करवंदं.