विषय क्रमांक चार

जिमखाना समिती, मंगळवार, दुपारी साडेचार.
विषय क्रमांक तीन : मैदानावरचा गळका नळ.
विषय क्रमांक चार : टिळेकर सर.

नळावर पंचवीस मिनिटं गेली.

मग शिरगोपीकर म्हणाले, चार वर्षं ढाल नाही.
उपप्राचार्य म्हणाल्या, वय झालं,
खो-खो मॅटवर गेला, सर अजून मातीतच.
खिडकीबाहेर सर फक्की मारत होते, वाकून, स्वतः.
शिपायाची रेघ त्यांना कधी सरळ वाटलीच नाही.

मी आकडे ऐकत होते
आणि मला दिसत होती शनिवारची तेजल पासलकर,
पौडहून पहिल्या बसने येणारी,
पत्र्याच्या आडोशाला गुडघ्यावर पट्टी आवळून
वरून ट्रॅकपँट ओढताना.
मला बघून दचकली :
मॅडम, सरांना सांगू नका ना.

हे वाक्य मला पाठ आहे.
सत्त्याण्णव साली सायकलस्टँडमागे
मीच म्हटलं होतं, घोटा टम्म सुजलेला,
आणि त्याच घोट्यावर सव्वातीन मिनिटं पळाले.
ढाल आली. टिळक रोडवरून टेम्पो, गुलाल.
सगळ्या नाचत होत्या, मी टपावर बसून होते
आणि सर्वांना वाटलं, काय रुबाब!
अजून जिना उतरताना कठडा धरते.

वाईट नाही हो माणूस.
दोन सत्रं माझी फी भरली, कुणाला कळू न देता.
म्हणून तर सांगवेना.
नुसती भीती असती
तर संघ सोडून सरळ टेकडीवर फिरायला गेलो असतो.

विचारताय, बदलायची वेळ झाली का.
झाली होती, ढाल आली त्या संध्याकाळी.
पण तेव्हा कोण बघतं पायांकडे?
तेव्हा आपण सगळे वर बघत असतो.

कागद फिरत माझ्यापाशी आला.
कारण : निकाल असमाधानकारक.
मी ते खोडलं. लिहिलं :
तेजल पासलकर, डावा गुडघा.
शिरगोपीकर म्हणाले, अहो, हे इतिवृत्तात कसं घ्यायचं?

मैदानात गेले तेव्हा सर पाठमोरे होते.
खो पाठीमागूनच द्यायचा असतो,
आणि मोठ्याने, तोंडातल्या तोंडात नाही,
किती वेळा ओरडलेत ते माझ्यावर.
मी जेमतेम म्हटलं, सर.

वळले नाहीत. म्हणाले,
थांब. रेघ ताजी आहे,
पाय जपून टाक.