न निघालेले

हीऊमा बेटाच्या बोटीची तिकिटं देणारा सर्व्हर
दर तिसऱ्या रात्री मरायचा, चारच्या सुमाराला.
आधी घुटमळायचा, मग बोलेनासा व्हायचा.
लॉगमध्ये शेवटची ओळ तीच : आउट ऑफ मेमरी.

चार जीबीची आठ केली.
मॅनेजर खूश.
आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला :
मरण तिसऱ्याऐवजी सहाव्या रात्री आलं, एवढंच.

कचरा उचलणाऱ्याचा दोष नाही.
तो बिचारा दर थोड्या वेळाने
दारोदार विचारत फिरतो, हे कुणाचं आहे का?
कुणी नुसतं ‘माझं’ म्हटलं
की हात लावत नाही.
आलेखावर करवतीचे दात दिसायला हवेत, वर, खाली, वर, खाली.
इथे दातांची मुळंच वर सरकत चाललीत.

कुठेतरी पाणी मुरतंय, माइरे म्हणाली,
आणि सहाव्या रात्री नाइटड्रेसवरच जॅकेट चढवून
हाप्सालूच्या बर्फातून सायकल ढकलत ऑफिसात आली.
पावणेचारला, जीव जायच्या आत, डम्प घेतला.
सात जीबी.
उघडेपर्यंत दोन कप कॉफी, कालचा राईचा पाव.

आत फॉर्म. चार लाखांवर. सगळे अर्धवट.
‘दोन मोठे, एक लहान, परतीचं नको.’
‘एक गाडी, मागे होडी जोडलेली.’
‘प्रवासी एक. कुत्रा : आहे. कुत्र्याचं वजन :’
आणि पुढे काही नाही.

ही माणसं निघालीच नाहीत.
खिडकी मिटली, दिवा मालवला, बेत बदलला.
सर्व्हर तेवढा त्यांचा हात धरून बसलेला.

ती मुळाकडे चालत गेली :
फॉर्मला धरलंय मॅपने, मॅपला लिसनरने,
लिसनरला एका स्टॅटिक यादीने,
यादीला कुणीच नाही, ती आपली आहेच.
झारीतला शुक्राचार्य. ओळ दोनशे बारा.
लिहिणारा : एन्डेल. अकरा वर्षांपूर्वी.

एन्डेल आता बेटावर मधमाश्या पाळतो.
सातला फोन केला.
“यादीत घालतोस. काढतोस कुठे?”
बराच वेळ नुसता चुलीतल्या लाकडांचा आवाज.
“काढायची ओळ सोमवारी लिहिणार होतो,” तो म्हणाला.
“शुक्रवार होता गं.
साडेपाचची बोट सुटत होती.”

एक ओळ. रीस्टार्ट.
करवत पुन्हा जागच्या जागी कापू लागली.

डम्पमध्ये लोकांची नावं असतात, पुसावाच लागतो.
खात्री आहे का, मशीनने विचारलं.
तिने हो दाबलं.

सातव्या रात्री चारला जाग आली, नुसत्या सवयीने.
फोन गप्प.
छताकडे बघत पडली.
वीसेक किलो असेल, तिला वाटलं.
केसाळ. गाडीत मागच्या सीटवर,
काचेला नाक लावून.