नवाच्या जागी एक

एकतीस वर्षं सायकलवर हिंडलो,
लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, उद्यमनगर.
दुकान, मालक, नंबर, सुट्टी कुठल्या वारी.
दिवाळीला डिरेक्टरी निघायची,
बोटांची शाई पाडव्यापर्यंत.

आता नातू फोनलाच विचारतो,
"हुक्केरी टर्नर कुठं?"
वर पैसे भरलेले तिघं.
खाली हुक्केरी, "सध्या सुरू आहे".

हुक्केरी जाऊन सहा वर्षं झाली.
शटरच्या फटीत पिंपळ आलाय.

पण नंबर बघून थबकलो.
शेवटी नवाच्या जागी एक.
ती चूक माझी,
दोन हजार चारच्या प्रुफात निसटलेली.
हुक्केरीनं शिव्या घातल्या होत्या,
वर चहाही पाजला.

माझं नाव कुठंच नाही.

नंबर लावला.
एक बाई वैतागून म्हणाल्या,
"रोज चार फोन येत्यात बघा.
कोण हो हा हुक्केरी?"