फिरती वही

हीयुमा बेटावर आमची एक वही फिरायची,
निळ्या पुठ्ठ्याची, मेणकापडात गुंडाळलेली.
अकरा घरं. बोटीच्या वेळा, विहिरीचं पाणी,
कुणाची मेंढी कुणाच्या कोबीत शिरली.
दार वाजलं की समजायचं, आपली पाळी.
पानांना घराघराचा वास,
इथे धुरावलेला मासा, तिथे शेपू.

एन्डेल एका ओळीत भांडायचा,
लेइडा चार पानं भरून माफी मागायची.
एकदा हेल्वेकडे वही तीन आठवडे अडली
तर अख्खं बेट मुकं झालं.

मग धक्क्यावर खोली बांधली.
शेगडी, बाकं, भिंतभर फळा.
या, बोला, केव्हाही.
लोक आले. मध्यरात्रीही तिथे दिवा दिसायचा.
ज्यांच्या घरी वही कधी गेलीच नव्हती
ती भाड्याच्या खोल्यांतली पोरं पहिल्यांदा बोलली.
मीही भांडले तिथे, मोठ्याने, मजेत.

फक्त लेइडाचा गुडघा धक्क्यापर्यंत पोचत नाही.
तिला कुणी वगळलं नाही.
तिच्याकडे जायचं तेवढं राहिलं.

काल मासा द्यायला गेले,
तर वही तिच्या खिडकीत, कुंडीखाली.
शेवटच्या नोंदीला तारीख नाही:
"विहिरीचं विचारलं होतंत. पाणी गोड आहे.
पुढचं घर कुणाचं, ते विसरले."

वही मेणकापडात गुंडाळून
मी फाटकाशी उभी राहिले.
डावीकडे की उजवीकडे,
मलाही पटकन आठवेना.