रेघ नसलेली पाटी

नवापुऱ्यात सायकल दुरुस्तीच्या दुकानावरून एक जिना,
वर समान अधिकार मंडळ, बडोदे.
निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं
आणि अक्षरांच्या डोक्यावर रेघच नाही.

मला काम दिलेलं : नवं चिन्ह, नवे रंग,
मोबाइलच्या कोपऱ्यात नखाएवढं झालं
तरी ओळखू येईल असं.
मी फाइन आर्ट्सची. पहिल्याच दिवशी वहीत लिहिलं,
शिरोरेषा राहून गेली आहे.
ध चा मा नाही, पण घ होतोय.
दुरुस्त करणे.

नाना खरतमल, खजिनदार,
चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.
म्हणाले, पाटी वालजी पेंटरची, त्रेपन्न सालची.
त्याला लिहायला गुजराती तेवढी यायची.
कागदावरची मराठी त्यानं बघून बघून उतरवली,
रेघ त्याला वाटली आखणीची,
अक्षर नीट बसलं की पुसून टाकायची.
पुसली.

परत बोलवा त्याला, कुणीतरी म्हणालं.
पुतळाबाई रणपिसे, गिरणीत कामाला,
सही नुकतीच शिकलेली. त्या म्हणाल्या,
राहू द्या की. माझी सही अशीच असते.
रेघ मारायच्या आत
साहेब कागद ओढून घेतो.

खरं की मागाहून जुळवलेलं, कोण जाणे.
नाना तेव्हा पाच वर्षांचे.
कपाटात मात्र अठ्ठ्याहत्तरच्या पावत्या सापडल्या,
कुण्या छापखान्यानं न विचारता रेघ घातलेल्या.
त्या दुसऱ्याच कुणाच्या वाटतात.

माझे पणजोबा सरकारी दप्तरात मोडी लिहायचे.
आधी पानभर रेघा,
मग त्यांना लटकलेली अक्षरं.
आमच्या घरात रेघ आधी आली, माणसं नंतर.
हे मी नानांना सांगितलं नाही.

सत्तेचाळीस नमुने झाले.
मूठ, मशाल, तराजू, तुटलेली साखळी,
सगळं काढून पाहिलं आणि लाज वाटली.
शेवटी तोच निळा, तीच उघड्या डोक्याची अक्षरं.
ध ला तेवढी एक गाठ दिली,
घ होऊ नये इतपत.

अहमदाबादहून आलेले सल्लागार म्हणाले,
हे अपुरं नाही दिसत?
मी उत्तर पाठ करून आले होते, ते आठवेना.
नानांनी विचारलं,
शिक्का जुन्या डबीत बसेल ना?
नवी डबी दीडशेला पडते.

तेवढ्यात खालून सायकलवाल्यानं हाक मारली.
एक बाई जिना चढून आली,
दुधाच्या पिशवीत घडी घातलेली नोटीस,
आडनाव कळल्यावर घरमालकानं दिलेली.
पाटीकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

नानांनी दिवा लावला. नोटीस दोनदा वाचली.
मग सहीचा कागद तिच्यापुढे सरकवला
आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून
बसून राहिले.