शेरा

बंधारा पाडला त्याला हे चौथं वर्ष.
खात्याने फळ्या मोजून नेल्या,
दाराच्या चाकाचं भंगार नेलं,
किल्ली तेवढी राहिली माझ्या कडदोऱ्याला.
कुणी मागितली नाही. मीही दिली नाही.

आणि हे रजिस्टर.
तारीख, पातळी, साठा, विसर्ग, शेरा.
एकवीस वर्षं पाटकरी होतो काजळओढ्यावर.
सकाळी पट्टी वाचायची, आकडा टाकायचा,
शेऱ्यात लिहायचं: निरंक.
एकवीस वर्षांत एवढंच घडलं.

भिंत राखणं सोपं होतं.
एक दार, एक कुलूप, एक मी.
आता राखायचं ते वरच्या सड्यापासून
खाली वारणेला मिळेपर्यंत पसरलंय.
त्याला कुलूप घालू कुठल्या बाजूनं?

पहिल्या उन्हाळ्यात गाळ उघडा पडला,
काळा, भेगाळलेला, कमरेएवढा.
गाव दोऱ्या घेऊन आलं,
आमच्या आज्याचं शेत इथून तिथवर.
मग कोकरूडकडून दोन डंपर आले.
ठकू झोरे म्हशी घेऊन आडवी बसली.
"सरकव की," ड्रायव्हर म्हणाला.
"म्हशीला सांग," ती म्हणाली,
"माझं तर ऐकत न्हाई."

पुढच्याच महिन्यात गावानं चराईबंदी केली
आणि पहिला दंड ठकूलाच बसला.
पन्नास रुपये. सुटे मोजून दिले तिनं,
वर मला जे बोलली
ते मी रजिस्टरात घेतलेलं नाही.

गाळात कुणी काही लावलं नाही.
वाळुंज आपणहून आली, मागून करंज,
आणि पट्टी होती त्या दगडाच्या फटीत
उंबराचं एक रोप, दोन पानांचं.

लोक म्हणतात, ओढा मोकळा झाला.
असेल.
पण पाणी चहाडखोर आहे.
वर सड्याच्या कडेला कुणी अंजनी तोडली, माती उकरली
की पहिल्या सरीला ते
माझ्या पायाशी गढूळ होऊन सांगतं.
एकदा असाच माग काढत वर गेलो
तर करवतीच्या दुसऱ्या टोकाला माझा मेहुणा.
बसलो दोघं. एक काडी, दोन विड्या.
बोलणं काहीच झालं नाही.
उतरताना करवत माझ्या खांद्यावर होती.
घरात आठ दिवस आमटी अळणी.

आज तारीख टाकली.
पातळी: घोट्याच्या वर, चार बोटं.
साठा: रकाना कोरा सोडला.
विसर्ग: आला तेवढा.
शेरा: भिंत होती तिथल्या खडकाला चिकटत
मळ्या मासा वर चढला, बोटाएवढा.
थांबला नाही, अंदाज घेतला नाही,
इथं कधी काही होतं हे
त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही.
त्याच्या मागं आणखी तीन. मग मोजणं सोडलं.

शेऱ्याचा रकाना फार अरुंद छापलाय.
उरलेलं समासात लिहितो.