अतिथी विद्वान

गंगवाल स्टँडवरून देपालपूरची सव्वासातची बस.
मांडीवर फाईल, फाईलवर हात,
बोटांना खडू नाही,
सकाळच्या पोह्यांची हळद.

साडेपाच वर्षं मी एका थराची जाडी मोजली.
काचेवर झिंक ऑक्साईड,
केसाच्या हजाराव्या भागाएवढं.
आई चौबळकाकूंना सांगते,
ती काचेला काहीतरी लावते.
काकू विचारतात, मग निघतं का ते?

भंवरकुआँच्या क्लासवाल्यानं डेमो द्यायला लावला.
मी फळ्यावर आकृती काढत होते
तेवढ्यात म्हणाला,
‘मैडम, डेरिवेशन रहने दीजिए. ट्रिक बताइए.’
माझ्याकडे ट्रिक नव्हती.
आकृती अर्धी ठेवून उतरले,
एक बाण कुठेच न पोचलेला.

बायपासच्या इंजिनिअरिंग कॉलेजात
फिजिक्स आता पहिल्या सेमिस्टरपुरतं,
तेही गणिताचे सर सांभाळतात.
माझी मूळ प्रमाणपत्रं मात्र
ठेवून घ्यायला तयार होते.

आणि सरकारी यादीत मी अतिथी विद्वान.
ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी,
हे शाळेतच शिकले होते.
जाण्यालाही नसते, हे जावऱ्याला कळलं.
नोव्हेंबरात सतन्याहून बदलून कायमचे सर आले
आणि माझ्या नावापुढे उमटलं: फॉलन आउट.
चला, शब्द तरी आपल्या विषयातला.
मुक्त पडणाऱ्याला वजन नसतं.
खोलीचं भाडं मात्र
महिनाअखेरपर्यंतचं द्यावं लागलं.

देपालपूरला प्राचार्य कलेक्टरच्या मीटिंगमध्ये.
गेंदालालनं लॅब उघडली,
कारण पंखा तिथेच चालतो.
स्पेक्ट्रोमीटरवर उशीचा अभ्रा,
कपाटात चिमण्यांची काडी-काडी,
आणि खिडकीशी एक मुलगी, रीना आंजना,
दोरीला लोखंडी गोळा बांधून
एकटीच मोजत होती.
गोळा सोडताना म्हणाली, एक.

मी काही तिची मॅडम नव्हते.
तरी राहवलं नाही.
अगं, सोडलास तेव्हा एक कुठला?
अजून एकही झोका पुरा झालेला नाही.
आधी शून्य म्हण.

तिनं वही दाखवली.
दहा पूर्णांक आठ आलं होतं.
तिच्या गावात पृथ्वी
जरा जास्तच ओढत होती.

‘पर मैडम, चल तो पड़ा ना?’
गोळा हातात धरून ती म्हणाली.
याचं उत्तर माझ्या प्रबंधात नाही.
पंखा बंद केला.
उकाड्यात आम्ही दोघी आणि गेंदालाल,
तिघंही ओठ हलवत,
शून्य, एक, दोन,
वीस होईपर्यंत कुणी घाम पुसला नाही.
नऊ पूर्णांक शहात्तर.
गेंदालाल म्हणाला, सव्वीस वर्षं बघतोय,
एवढं जवळ क्वचित येतं.
रीनानं खोडरबर शोधायला दप्तर पालथं केलं.

दोन वाजता प्राचार्यांचा निरोप:
जागा परवाच भरली,
पोर्टल अपडेट व्हायचं राहिलंय.
चहा घेऊन जा.

चहा गोड होता, फार गोड.
रीना जर्नल घेऊन दारात उभी.
सही?
मला सहीचा अधिकार नाही, म्हटलं.
ती हललीच नाही.
मग तिच्याच पेन्सिलीनं केली, फिकट,
कायमचं कुणी आलं
तर पुसून शाईनं करील.
तारीख घातली.
तेवढी एक तिथी माझ्या नावावर.

परतीच्या बसमध्ये खिडकीची काच नव्हती.
शेतात सोयाबीनचं कुटार पडलेलं,
कंडक्टर सुट्ट्यासाठी भांडत होता.
बाबांचा फोन आला,
काय गं, कुठवर आलं?
नोकरीचं विचारत होते की बसचं,
कळलं नाही.

शून्य, म्हटलं मी.
ते काहीतरी बोलले,
पण ड्रायव्हरनं गिअर टाकला होता.